माझ्या सहीची आन्सर की

"मॅडम, याच्यात माझं काय चुकलं?"

प्रज्ञाने उत्तरपत्रिका माझ्या टेबलावर ठेवली. अठराव्या प्रश्नावर लाल फुली होती. उत्तर बरोबर होतं.

मी कोठी भागातल्या एका कोचिंग क्लासमध्ये इंग्लिश शिकवते. आमच्या टेस्टमधल्या पहिल्या तीस मुलींना वर्षभर फ्री शिकवतात. प्रज्ञा एका मार्काने एकतिसावी आली. सीट नाही, तर सोमवारपासून साडीच्या दुकानात काउंटरवर. वडिलांनी दुकानात शब्द देऊन ठेवला होता.

प्रश्न साधा होता. 'ट्वेन्टी किलोमीटर्स' लांब आहे, हे सांगताना पुढे 'इज' की 'आर'? आकडा मोठा दिसतो म्हणून मुली 'आर' लिहितात. पण इथे वीस सुटे किलोमीटर नाहीत, मिळून एकच अंतर आहे. म्हणून 'इज'. वेळेचं आणि वजनाचंही तसंच.

पेपर माझा, आन्सर कीसुद्धा माझीच. मी फाइल काढली. अठराच्या पुढचं माझं 'ए', म्हणजे 'इज', खोडून 'बी', म्हणजे 'आर' केलेलं. अक्षर आमच्या डायरेक्टर सरांचं. खाली सही माझी.

मी सहसा त्यांच्या केबिनमध्ये जात नाही. मेसेजवर काम उरकते. त्या दिवशी गेले.

"ट्वेन्टी आहे ना मॅडम? मग एक कसं?" सर म्हणाले. "मीच सुधारलं."

"मला विचारलं नाहीत."

"आता नक्को. लिस्ट पेरेंट्सच्या ग्रुपवर गेली. एका मार्कासाठी कशाला लफडं?"

"तिची सीट त्या एकाच मार्कावर आहे, सर."

"तुम्ही तर कधी बोलत नव्हत्या. आज काय झालं?"

मी फाइल त्यांच्यासमोर उघडली. "खाली माझी सही आहे," मी म्हणाले. "ती खोडा, नाहीतर सगळे पेपर मला परत तपासू द्या."

त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली. "तपासा. पण जी बाहेर जाईल, तिच्या घरी फोन तुम्हीच करायचा."

दुपारभर तपासले. प्रज्ञा तिसावी आली. आधीची तिसावी सुनीता. तिने 'आर' लिहिलं होतं. एकतिसावी सीट मी मागितली. "बेंच तीसच आहेत," सर म्हणाले.

फोन सुनीताच्या आईने उचलला. सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "पहले दिए, अब निकाल दिए?" चूक माझी नव्हती. तरी सॉरी मीच म्हणाले. सर दारात उभं राहून ऐकत होते.

आता आन्सर की जमा करण्याआधी मी तिचा फोटो सगळ्या टीचर्सच्या ग्रुपवर टाकते. मॅडमचा आमच्यावर विश्वास नाही, असं सर सगळ्यांना सांगतात. खरं आहे ते.