माहीत-नाही बाईंचं कपाट

इतिहासाच्या बाई, आणि तोंडात सदा एकच वाक्य: "माहीत नाही." तेही ओशाळून नव्हे, तर कुणी हातावर पेढा ठेवल्यासारखा चेहरा करून. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर काय लिहिलंय, असं सहावीत आम्ही विचारलं, तेव्हा बाईंनी खडू टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "माहीत नाही! अजून कुणालाच खात्रीनं वाचता आलेलं नाही. आहे की नाही गंमत?" टिटवाळ्याच्या आमच्या शाळेत त्यांचं नाव माहीत-नाही बाई पडलं ते असं. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, असा माझा दाट संशय आहे.

आमच्या बाबांना मात्र ते मुळीच रुचलं नव्हतं. ते कारखान्यात फिटर. पालकसभेत उभे राहून म्हणाले, "बाई, पोराला 'माहीत नाही' शिकायला शाळेत पाठवतो काय आम्ही?" बाईंनी शांतपणे विचारलं, "मशीन बंद पडलं आणि बिघाड सापडला नाही, तर तुम्ही साहेबांना काय सांगता?" बाबा खाली बसले. घरी येताना एवढंच म्हणाले, "बाई पक्की आहे."

पुढे मी त्याच शाळेत इतिहास शिकवायला लागलो आणि प्राचीन इतिहासाच्या संदर्भपुस्तकांचं कपाट बाईंच्या हाताखाली सांभाळू लागलो. कल्याणचा एक पुस्तकविक्रेता दरवर्षी खोकी घेऊन यायचा. मी रंगीत चित्रांवर भाळायचो. बाई पुस्तक मागून उघडायच्या. लेखकाला हे सगळं कुठून कळलं, ते आधी पाहायच्या. मग सिंधू लिपीचं पान काढायच्या. तिथे लेखकानं मुद्रा घडाघडा वाचून दाखवल्या असतील, तर पुस्तक मिटून परत खोक्यात. "ज्या पुस्तकाला 'माहीत नाही' म्हणता येत नाही, ते मुलांना काय शिकवणार रे?"

एकदा एका संस्थाचालकांनी जाडजूड, सोनेरी अक्षरांचा संच भेट दिला. बाईंनी तो नापास केला. मुख्याध्यापक आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत आणि संच ऑफिसातल्या काचेच्या कपाटात गेला. "तिथे शोभेल," बाई म्हणाल्या. त्याच वर्षी एक पिवळट कागदाचं, किडकिडीत पुस्तक मात्र पहिल्या फटक्यात पास झालं. कल्याणच्या एका सोनारानं कान्हेरीच्या लेण्यांत पाण्याचं टाकं करून दिलं, असं त्यात होतं. आणि तो मजकूर कोरलेला शिलालेखही मागे छापला होता. "आपल्या कल्याणचा सोनार! आणि कसं कळलं, तेही सांगितलंय," म्हणत बाई ते पुस्तक छातीशी धरून स्टाफरूमभर फिरल्या.

पण त्या कपाटातलं सगळ्यात जास्त हाताळलेलं पुस्तक बाईंचंच होतं. तरुणपणी त्यांनी गावाच्या जुन्या इतिहासावर पुस्तिका लिहिली होती, शाळेनं ती छापली होती. त्यात एक वाक्य होतं: शाळेमागच्या टेकाडावर प्राचीन काळी व्यापाऱ्यांचा तळ होता. त्या वाक्यानं मला वेड लावलं. अकराव्या वर्षी मी टेकाड उकरून एक लालसर तुकडा शोधला आणि धापा टाकत बाईंकडे नेला. त्यांनी तो उलटापालटा केला. "मंगलोरी कौल आहे रे हे. पण तू वाकून पाहिलंस, हे फार छान केलंस." मी इतिहासाचा शिक्षक झालो तो त्या कौलापायी.

मग टेकाड विकलं गेलं आणि इमारतीसाठी खोदाई सुरू झाली. बाई रोज मधल्या सुट्टीत छत्री घेऊन खड्ड्याच्या काठावर उभ्या राहायच्या. "खापरं वगैरे काही निघतात का हो?" मुकादम वैतागला. "मॅडम, मिट्टी वीतभर, खाली सगळा पत्थर. तुमचं काय हरवलंय का इथे?"

"हो," बाई म्हणाल्या, "एक तळ."

खोदाई संपली त्या दिवशी बाईंनी कपाट उघडून स्वतःची पुस्तिका काढली. मी घाईनं म्हणालो, "बाई, काही सापडलं नाही म्हणजे नव्हतंच असं थोडंच आहे?"

"नव्हतंच असं नाहीच म्हणता येत. पण मी 'होता' लिहिलं, तेव्हा माझ्यापाशी काय होतं? एक म्हातारबुवा आणि त्यांनी सांगितलेली गोष्ट. दुसऱ्या कुणी असं लिहिलं असतं, तर मी पुस्तक घेतलं असतं का?" त्यांनी पुस्तिका माझ्या हातात दिली. "तुझा जीव आहे तिच्यावर, घरी ठेव. मुलांच्या हाती नको."

बाई निवृत्त झाल्या, डोंबिवलीला लेकीकडे राहायला गेल्या आणि मागच्या वर्षी वारल्या. शाळेनं ठरवलं, त्यांच्या स्मरणार्थ ती पुस्तिका पुन्हा छापायची आणि प्रत्येक मुलाला द्यायची. प्रस्तावना अर्थातच मी लिहायची. सभेत मी उभा राहिलो आणि नको म्हणालो. ते जरा तुटकच निघालं. "अरे, बाईंनी घडवलं तुला," एक जुने सहकारी कडाडले, "आणि त्यांचंच पुस्तक तुला नको?" मी म्हणालो, "बाईंनाच नको होतं." किती जणांना पटलं, कोण जाणे. दोघे-तिघे अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. पुस्तिका छापली गेली नाही; तिच्याऐवजी कपाटात नवी पुस्तकं आली. मी ती मागून उघडून घेतली.

परवा सहावीतल्या एका मुलीनं हात वर केला. ती त्याच इमारतीत राहते. "सर, आमच्या बिल्डिंगच्या जागी आधी टेकडी होती ना? तिथे खूप खूप पूर्वी कोण राहायचं?"

व्यापारी माझ्या अगदी ओठांवर आले. त्यांचे बैल, त्यांची गाठोडी, संध्याकाळी पेटवलेल्या चुली. अकराव्या वर्षापासून मी त्यांना ओळखतो.

"माहीत नाही," मी म्हणालो.

वर्ग खो खो हसला. ती मुलगी मात्र हसली नाही. भुवया आक्रसून म्हणाली, "मग ते कळणार कसं?"

मी खडू टेबलावर ठेवला.