प्रमुख पाहुणीची दहा मिनिटं

“झोपडपट्टी ते सिंगापूर, असा विषय ठेवू या,” सचिव फोनवर म्हणाले. “दहा मिनिटं बोला. लोकांना प्रेरणा मिळेल.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एक तर मी झोपडपट्टीत वाढले नाही, संक्रमण शिबिरात वाढले. मुंबईत पडायला आलेल्या इमारतीतून आम्हाला दोन वर्षांसाठी म्हणून तिथे हलवलं आणि अठरा वर्षं तिथेच सडवलं. फरक काय म्हणाल, तर काही नाही. नळावरची भांडणं तीच, पत्रेही तेवढेच तापायचे. पण माझ्या आयुष्याला नाव मी देईन ना! आणि ‘प्रेरणा’ हा शब्द कानावर आला की मी ओळखते, आता आपल्या गळ्यात हार घालून आपल्याला गप्प बसवणार.

इथे सिंगापुरात क्लेमेंटी भागाच्या आसपास तीसेक मराठी घरांचा आमचा एक गट आहे. हे गृहस्थ त्याचे सचिव, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. दरवर्षी गटाचा क्रीडादिन होतो. पुरुषांना क्रिकेट, मुलांना शर्यती आणि बायकांना लिंबू-चमचा नि संगीत खुर्ची. यंदा बायकांची कबड्डी ठेवा, असं मी लेखी कळवलं होतं. उत्तर आलं, नाही. कुणाचं हाड मोडलं तर जबाबदार कोण? वर दुसऱ्याच दिवशी हा फोन. कबड्डी नको, पण कबड्डीतून वर आलेली बाई खुर्चीवर बसवायला हवी. मी जरा विचार केला आणि येते म्हणाले.

शिबिराच्या मागे पालिकेच्या शाळेचं मैदान होतं. तिथे पोस्टात नोकरी करणाऱ्या एक बाई संध्याकाळी मुलींना कबड्डी शिकवायच्या. मी पहिल्यांदा हाफ पँट घालून निघाले तर आमच्या खोल्यांची आख्खी लाइन दारात येऊन उभी. वडील म्हणाले, लोक काय म्हणतील. आई म्हणाली, लोकांना नळावर बोलायला काहीतरी लागतंच, जा तू. बाईंचा नियम एकच. पंचाला दिसो न दिसो, आपण बाद झालो की आपण हात वर करायचा. मी एकदा नाही केला. त्यांनी मला महिनाभर मैदानावर नुसत्या चुन्याच्या रेषा मारायला लावल्या. रोज संध्याकाळी रडत मारल्या मी रेषा.

पुढे खेळाच्या कोट्यातून कॉलेजात गेले. हे सांगताना काहीजण आवाज खाली करतात, मी मुद्दाम चढवते. शहरात खेळायला जागा कुणाला मिळते आणि कुणाला मिळत नाही, यावर मी संशोधन केलं. त्याच कामावर इथल्या विद्यापीठात आले. इथे आल्यावर पाहिलं तर हिरवळ चिक्कार, आणि आमच्या बायका अकराव्या नाहीतर पंधराव्या मजल्यावरून ती बघत बसलेल्या. मग एका रविवारी सकाळी मी ब्लॉकसमोरच्या मैदानात चौघींना उभं केलं. चार महिन्यांत अकरा झाल्या. त्यातली एक नोव्हेनाच्या इस्पितळात नर्स आहे, तेव्हा हाडांची काळजी सचिवांनी करायचं काही कारण नव्हतं.

त्या अकरांपैकी एक सचिवांचीच बायको.

पुण्यात ती सिव्हिल इंजिनिअर होती, पुलांच्या कामावर उन्हातान्हात उभी राहायची. इथे नवऱ्याच्या नोकरीवर मिळणाऱ्या डिपेंडंट पासवर आली आणि नऊ वर्षं घरात बसली. सुरुवातीला कुणाला नुसता हात लागला तरी सॉरी म्हणायची. पकड केली की सॉरी, सुटली तरी सॉरी. मी वैतागून ओरडले होते, अगं, माफी काय मागतेस, घोटा धर! हळूहळू धरायला लागली. अशी धरायला लागली की डाव्या कोपऱ्यात तिच्याइतकी पक्की आमच्यात कुणी उरली नाही. घरी मात्र तिने सांगितलं होतं की रविवारी योगाला जाते. बायकांच्या पोटात काही राहत नाही म्हणणाऱ्यांनी ऐकून ठेवावं, बाकी दहाजणींनी चार महिने तोंडातून चकार शब्द काढला नाही.

गटाचा नकार आला त्या दिवशी ती मला म्हणाली, “मला एकदा तरी सगळ्यांच्या समोर खेळायचंय. त्याच्यासुद्धा.”

क्रीडादिनाला सचिवांनी माझी ओळख करून दिली. चिखलात उमललेलं कमळ वगैरे. मी माइक घेतला आणि विचारलं, ही दहा मिनिटं माझीच ना? ते हसून हो हो म्हणाले. मी माइक खाली ठेवला आणि कुर्त्याच्या बाह्या वर सारल्या. ट्रॅक पँट आतून घातलेलीच होती. खुर्च्यांमधून एकेक बाई उठायला लागली. रस्सीखेचीची दोरी आम्ही हिरवळीवर मध्यरेषा म्हणून टाकली. शिट्टी मी सचिवांच्याच हातात दिली, म्हटलं पंच तुम्ही.

तेवढ्यात त्यांची बायको त्यांच्या समोरून चालत आली.

“अगं, तू कुठे?”

“डाव्या कोपऱ्यात,” ती म्हणाली आणि पुढे गेली.

सहा विरुद्ध सहा. ती माझ्या विरुद्ध बाजूला. सचिवांची मुलगी आधी तोंडावर हात धरून बसली होती, नंतर खुर्चीवर चढून इथल्या पोरांच्या इंग्रजीत “मम्मी, होल्ड लाह, होल्ड!” ओरडायला लागली. गुण बरोबरीत आले आणि शेवटची चढाई माझ्यावर आली. मी त्यांच्या डाव्या कोपऱ्याकडे वळले मात्र, तिने घोटा धरला. बाकीच्या अंगावर पडल्या. पंचेचाळिशीचे माझे गुडघे, तरी मी सरपटत हात लांबवला आणि दोरीला बोटं लावली. सचिवांनी शिट्टी वाजवून गुण मला दिला. प्रमुख पाहुणी जिंकली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती खाली मान घालून हिरवळीकडे बघत राहिली.

पण दोरीला हात लागायच्या आधीच माझा दम तुटला होता. त्या गलक्यात ते कुणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं.

मी हात वर केला. सचिवांना वाटलं, मी टाळ्यांना उत्तर देतेय. त्यांना मोठ्याने सांगितलं, “दम आधी तुटला. मी बाद. गुण तुमच्या बायकोचा.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या केसांत गवत होतं, कोपर सोलवटून लाल झालं होतं. नर्स पेटी घेऊन धावत आली. माझा घोटा सचिवांच्या बायकोने अजून घट्ट धरून ठेवला होता, आणि ती सॉरी म्हणाली नाही.