सहासष्ट लाख एकोणीस हजार दोनशे सदतीस

मीटरवाल्याच्या ताईला आकडे फोडायचा नाद होता. तो दिवसभर लोकांच्या जिन्याखाली वाकून विजेचे मीटर वाचायचा आणि संध्याकाळी चपला काढता काढता एखाद्या मीटरचा नंबर तिला सांगायचा. ताई शिलाई मशीन चालवता चालवता त्याचे अवयव पाडायची. डोकं भागाकारात असायचं, तरी कुणाची बाही आखूड झाल्याचं ऐकिवात नाही. कशानेच भाग जात नाही अशी मूळ संख्या निघाली की म्हणायची, "हा आपल्यासारखा, बिनलग्नाचा."

मग ताईने अंथरूण धरलं. डॉक्टरांनी महिना सांगितला, तोही दाराबाहेर, हळू आवाजात. ताईने तो आतून ऐकला.

दुसऱ्या दिवशी मीटरवाला आठ इमारती हिंडला आणि दोन, तीन, सातने चाचपून एक चिवट आकडा घेऊन आला. ६६१९२३७.

"याला अडीच हजारांच्या पुढपर्यंत सगळ्या मूळ संख्या लावून बघाव्या लागतील," तो म्हणाला. "रोज एक धरली तरी वर्ष जाईल."

ताई जरा वेळ आकड्याकडे बघत राहिली. मग हसली. "बरं. हा फुटल्याशिवाय मी कुठे जात नाही."

पहिल्या दिवशी तिने दोनाने भागलं.

"अगं, शेवटी सात आहे. दोनाने काय भागतेस?"

"रीतसर होऊ दे. तुला घाई आहे का?"

त्याला कसली घाई असणार!

कपड्यांच्या मापांच्या वहीत रोज एक भागाकार होऊ लागला. अक्षर आधी वाकडं झालं, मग मुंगीएवढं. तो कामावरून आल्या आल्या विचारायचा, "गेला का भाग?"

"बाकी पंचेचाळीस. हट्टी आहे मेला."

की याची कळी खुलायची. महिना उलटला तेव्हा तर त्याने डॉक्टरांना मनातल्या मनात नापास करून टाकलं.

चाळिसाव्या दिवशी ताईने १७९ ने भागलं, बाकी १७५ लिहिली आणि पेन्सिल उशीखाली ठेवली. सकाळी तो चहा घेऊन गेला. तो चहा तसाच राहिला.

पंधरवड्याने त्याने वही उघडली. भागाकारांवरून बोट फिरवत गेला. ८९. ९७. १०३.

बोट थांबलं. १०१ कुठे गेली? ताई एक वेळ स्वतःचं वय विसरेल, मूळ संख्या विसरायची नाही. १०१ ची युक्ती तर त्याला तिनेच शिकवली होती. उजवीकडून दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडायच्या, एक वजा, एक अधिक; शेवटी शून्य आलं की भाग गेला. त्याने पाडल्या. सदतीसमधून ब्याण्णव वजा. एकसष्ट अधिक. सहा वजा.

शून्य.

पहिल्या संध्याकाळी ती आकड्याकडे बघत राहिली होती, तेवढ्यातच तिचं हे झालं असणार. त्याने मात्र करून बघितलं नव्हतं. आकडा फुटू नये असं वाटणारा माणूस कशाला बघेल?

तो तिच्या पलंगावर बसला. मग उशीखालची पेन्सिल काढली, १७९ च्या खाली १८१ लिहिलं आणि भागायला घेतलं. त्याला ताईपेक्षा चौपट वेळ लागला.

बाकी सदुसष्ट उरली.