गनमेटलचा गड्डा

सोलापुरातून देशभर टॉवेल पाठवणारे व्यापारी पुष्कळ आहेत. पण टॉवेलात गुंडाळून लोखंड पाठवणारा व्यापारी उभ्या पृथ्वीवर एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे! पुढे दुकान, मागे गोदाम, आणि अर्ध्या गोदामात एक जुनी लेथ. पुढे गिऱ्हाईक टॉवेल गालाला लावून मऊपणा बघत असतं, तेवढ्यात मागून धातू कातल्याचा किर्रर्र आवाज येतो. ते दचकलं, की गल्ल्यावर बसलेली आक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, शांतपणे सांगते, "काही नाही, मालक खेळायलेत."

हा खेळ एकट्याचा नव्हे. घरच्या घरी लेथवर छोटी छोटी इंजिनं बनवणाऱ्या हौशी मंडळींचा देशभर पसरलेला एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. यांना लागतं वीतभर पितळ, आणि बाजार देतो अख्खी सळई. म्हणून ज्याच्याकडे जे उरतं ते तो दुसऱ्याला पाठवतो. साडूंनी एका बंद गिरणीचं भंगार लिलावात घेतलं, तेव्हापासून ते या ग्रुपचे कुबेरच झाले. पार्सलात तुकडे खडखडू नयेत म्हणून ते विणीत चूक असलेले टॉवेल गुंडाळतात. केरळातल्या एका डॉक्टरांनी तर एकदा कळवलं, "या खेपेला लोखंड नसलं तरी चालेल." साडू दोन दिवस माझ्याशीसुद्धा बोलले नाहीत. माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी चांदीचे वाळे न आणता स्वतः कातलेला पितळी भोवरा आणला. तो इतका वेळ फिरत राहिला, की बायका कानात कुर्रर्र करायचं विसरून त्याच्याभोवती बसल्या.

सोलापुरात गड्डा म्हटलं की संक्रांतीची यात्रा. आक्काच्या घरात मात्र गड्डा म्हणजे गनमेटलचा गड्डा. गनमेटल म्हणजे तांब्यात कथील मिसळून केलेला धातू. वाफेला न जुमानणारा आणि हल्ली चांगल्या प्रतीचा सहसा न मिळणारा. गिरणीच्या त्या भंगारात साडूंना नारळाएवढा, आठेक किलोंचा एक तुकडा सापडला होता. स्वतःच्या वाफेच्या इंजिनाचा सिलिंडर ते यातून कातणार होते. बाकीचं इंजिन तयार होऊन वाट बघत होतं. पण इतक्या सुंदर धातूला हत्यार लावायचा साडूंना धीर होत नव्हता. ते रोज तो पुसत आणि जागेवर ठेवत.

अशात ग्रुपवर नागपूरच्या बाईंचा निरोप आला. या बाई भौतिकशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. त्यांचंही इंजिन सिलिंडरापाशीच अडलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, 'हात थरथरायला लागलेत. डॉक्टर म्हणतात, वाढत जाईल. कुणाकडे गनमेटल असेल तर जरा लवकर कळवा.'

साडूंनी निरोप वाचला, गड्ड्याकडे पाहिलं, 'पाठवतो' असं कळवलं, आणि ते टॉवेल शोधायला लागले.

"अहो, आणि तुमचं इंजिन?" मी विचारलं.

"माझे हात धड हायत की, साडू!"

कुरिअरवाल्याच्या काट्यावर गड्डा ठेवला, तर तो दोन पावलं मागे सरकला. "मालक, हे आत काय म्हणून लिहू?"

"सिलिंडर लिहा की."

"सिलिंडर? गॅसचा?" त्यानं पार्सल ढकलून परत दिलं.

तेवढ्यात बाईंचाच फोन आला. त्यांची बहीण त्याच दिवशी मिरजेहून रेल्वेनं नागपूरला येत होती. गाडी कुर्डुवाडीला थांबणार होती. साडूंनी मला टॉवेलांच्या व्हॅनमध्ये अक्षरशः कोंबलं. "बर्री, बर्री!" उत्साह फार झाला की ते कानडीत घाई करतात. मोहोळच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली. साडू काचेतून डोकं काढून प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला विनवत होते, "जरा बाजूला घ्या ओ, पेशंट हाय!" मांडीवर गड्डा घेऊन मी शक्य तितका आजारी दिसत होतो.

आम्ही स्टेशनात शिरलो आणि गाडी लागली. साडू टॉवेलात गुंडाळलेला गड्डा छातीशी धरून डबे शोधत धावत सुटले. एक म्हातारी ओरडली, "आरं, हळू पळा की, लेकरू पडंल!" लोकांनी झटक्यात वाट दिली. एका खिडकीतून बाईंच्या बहिणीनं हात हलवला. साडू दारात पोचले.

"एवढं मोठं?" बहीण किंचाळली. "ताई म्हणाली, पर्समध्ये मावेल!"

"पर्स त्यात मावंल, ताई. धरा!"

गाडी हलली. मी साडूंना खालून आधार दिला, बहिणीच्या यजमानांनी आतून मिठी मारली, आणि गड्डा आत गेला. गाडी पार दिसेनाशी होईपर्यंत साडू फलाटावर हात हलवत उभे होते.

काही महिन्यांनी व्हिडिओ आला. चाक फिरत होतं, वाफ फुसफुसत होती. साडूंनी तो दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवला आणि आनंदाच्या भरात सगळ्यांना सूट दिली. आक्का दोन्ही हातांनी गल्ला धरून बसली होती.

गेल्या महिन्यात बाईंनी ग्रुपवर लिहिलं, 'आता लेथला हात लावणं जमत नाही. उरलेला सगळा माल ज्याला हवा त्याने घ्यावा.' खाली त्यांच्या कपाटाचा फोटो होता; पितळ, तांबं, पोलाद, सगळं नीट लावलेलं. एरवी असा फोटो आला की मिनिटात झुंबड उडते. त्या दिवशी दुपार होऊन गेली तरी कुणी एक अक्षर लिहिलं नाही.

शेवटी साडूंनी बाईंना फोन लावला. मी शेजारीच होतो.

"मॅडम, इंजिन चालवता का?"

"हो तर. रोज संध्याकाळी. वाफेचा व्हॉल्व्ह तेवढा शेजारीण उघडून देते."

"मग माल तिथंच ऱ्हाऊ द्या. आमाला लागला की मागू."

फोन ठेवून साडू बाहेर दुकानात आले आणि घडी घातलेलेच टॉवेल उलगडून पुन्हा घडी घालत बसले. थोड्या वेळानं मीही एक टॉवेल ओढून घेतला.