नाइटवाल्या घरात वॉशिंग मशीन

भिलाईत सुपेला बाजारातल्या दुकानासमोर सायकलरिक्षा थांबली. तिच्यावर दोरीने बांधलेली आमच्या कंपनीची वॉशिंग मशीन होती. दुकानदार जैनसेठ माझ्याकडे न बघताच म्हणाले, "लो भोयरजी, तीसरी बेटी मायके आ गई."

मी तेव्हा कंपनीचा सर्व्हिस इंजिनियर होतो. नागपूरहून बदलून आलेलो, दुर्गला मोहन नगरात खोली. कंपनी मोठी, टीव्हीवर रोज जाहिरात. पण भिलाईत माल उठत नव्हता आणि उठलेला परत येत होता. असंच चाललं असतं तर सेठ एजन्सी सोडणार होते आणि मी बिस्तरा बांधणार होतो.

रिक्षामागून मालकीणबाई आल्या. कापगतेकाकू, मूळच्या भंडाऱ्याकडच्या. यजमान पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन ऑपरेटर.

"मशीन चांगली हाय भाऊ," काकू म्हणाल्या. "त्याइच्या ड्रेसचं ग्रीस घासून घासून माहे मनगटं गेले होते. आराम पडला होता मले. पन आवाज करते. ठेवता नाही येत."

बोलता बोलता त्यांनी पदराने मशीनच्या झाकणावरची धूळ पुसली. परत करायला आणलेली वस्तू कोणी पुसत नाही. मला वाईट वाटलं.

आता हा आवाज काय ते सांगतो. कपडे धुऊन झाले की ड्रम जोरात फिरतो आणि पाणी झटकून टाकतो. त्याला स्पिन म्हणतात. मशीनचे चार पाय सारखे टेकले नसतील तर स्पिनमध्ये ती खडखड नाचते. म्हणून आवाजाची तक्रार आली की आम्ही पाय पिळून लेव्हल करायचो, थोडा स्पिन चालवून बघायचो, बटण बंद, चहा, पुढचं घर. काकूंकडेही मी हे सगळं करून आलो होतो. गंमत म्हणजे हीच मंडळी आधी मशीनचे गोडवे गायची आणि मग एखाद्या आठवड्यात अचानक तक्रार घेऊन यायची.

मुंबईला सबनीससाहेबांना फोन लावला. ते आमचे सेल्स मॅनेजर.

"भोयर, प्रॉब्लेम मशीनमध्ये नाही. छोट्या गावाला टेक्नॉलॉजीची भीती वाटते," ते म्हणाले. "मी येतो. मोठा डेमो करू."

वितळलेलं पोलाद डोक्यावरून इकडचं तिकडे नेणारं गाव, आणि त्याला कपडे धुण्याच्या डब्याची भीती. मी "यस सर" म्हटलं. पगार तेच देत होते.

काकूंची समजूत घालून मशीन पुन्हा त्यांच्या क्वार्टरमध्ये पोचवली. डेमो तिथेच ठरला. वेळ काकूंनीच दिली. "लाइनीतल्या बायाइले बोलावतो मी. पन सकाळी नऊलेच या. आमच्या धुन्याचा तोच टाइम हाय."

साहेब टाय लावून आले. दारावरच्या बेलच्या बटणाला चिकटपट्टी होती. साहेबांनी ती सोडवून बटण दाबलं. बेल वाजली नाही. पुन्हा दाबणार तोच काकूंनी दार उघडलं, ओठांवर बोट ठेवून. आत चटईवर बायका बसल्या होत्या आणि एवढ्या बायका असून घर चिडीचूप होतं. खिडक्यांना खाकी कागद. कुकर फळीवर ठेवलेला आणि वरण पातेल्यात शिजत होतं.

"या हप्त्यात नाइट हाय त्याइची," आतल्या बंद दाराकडे बोट दाखवत काकू कुजबुजल्या. "आत्ताच डोळा लागला."

साहेबांनी अख्खं भाषण कुजबुजत केलं. चोरीचा बेत आखत असल्यासारखे दिसत होते. पण बायका रंगल्या. ग्रीसचा ड्रेस आत गेला, पावडर टाकली, पाणी फिरलं. स्पिनच्या वेळी मी झाकणावर पाण्याचा पेला ठेवला. पाणी जेमतेम हललं. "आवाज कुठे आहे?" साहेब माझ्या कानात म्हणाले.

तेवढ्यात धुणं संपलं आणि बझर वाजला.

काम झाल्याची ही सूचना. थांबून थांबून बराच वेळ वाजणारी, शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढी मोठी. बंद करायला बटण नाही. हेड ऑफिसला तिचं फार कौतुक होतं. मी मात्र ती गिऱ्हाइकाच्या घरी कधी ऐकलीच नव्हती, कारण स्पिन बघितला की मी बटण बंद करायचो.

आतलं दार उघडलं. लुंगी-बनियनवर कापगते उभे. डोळे अर्धे मिटलेले, उजवा हात पुढे, मूठ वळलेली. काकू उठल्या, तो हात धरला आणि हळूच खाली केला. "घरीच हाय तुमी," त्या म्हणाल्या. कोणी हसलं नाही.

"क्रेनवर काही बिघडलं की अस्साच भोंगा वाजते," काकू आमच्याकडे वळून म्हणाल्या. "मंग हे झोपेतून उठून लिव्हर धरतात. येकदा उठले का दिवसभर झोप नाही. अन् रात्री त्याइच्या क्रेनखालून मान्सं जाऊन राहतात. मी माहे मनगटं पाहू का ते मान्सं पाहू?"

"पण कपडे झाले हे तुम्हाला कळणार कसं?" साहेबांनी विचारलं.

"कपडे का पळून चालले, साहेब? मी घरीच हावो."

आता मात्र बायका हसल्या, पदरात तोंड लपवून.

"काकू, हे आधी कावून नाही सांगितलं?" मी विचारलं.

"सांगतलं तं, आवाज करते म्हून. तुमी पाय पिळून चालले जात होते."

मी स्क्रूड्रायव्हर काढला. पॅनेलवर कंपनीचं सील होतं. ते तोडलं की वॉरंटी संपते, म्हणजे मशीन बिघडली तर कंपनी फुकट दुरुस्त करून देत नाही. मी साहेबांकडे पाहिलं. साहेब कापगत्यांकडे बघत होते. ते अजून भिंतीला टेकून उभे होते, डोळे लाल. साहेबांनी टाय सैल केला.

"काढ. वॉरंटीचं मी बघतो," ते म्हणाले. तेही कुजबुजत.

दोन वायरींचं काम होतं. बझर मी खिशात टाकणार तोच काकूंनी हात पुढे केला. "आमचाच पार्ट हाय ना? ठेवून जा." तो देव्हाऱ्याखालच्या खणात गेला.

मशीन राहिली. हळूहळू त्या लाइनीत बाकीच्यांनीही घेतल्या. जैनसेठ गिऱ्हाइकाला "नाइट शिफ्ट स्पेशल" म्हणून विकायचे आणि मी बसवतानाच बझर काढून द्यायचो. साहेबांनी मुंबईला प्रामाणिक रिपोर्ट दिला. त्याचा परिणाम असा की पुढच्या मॉडेलमध्ये बझरच्या जागी वाजणारी धून आली. ती काढायला एक स्क्रू जास्त सोडवावा लागायचा.

काही वर्षांनी कापगते रिटायर झाले आणि काकूंचा निरोप आला. गेलो. त्यांनी खणातून फडक्यात गुंडाळलेला बझर काढला.

"लावून द्या आता. रिकामे झाले तं दिवसभर घोरून राहिले. कोनी तं उठवलं पाहिजे."

मी बसवला आणि या वेळी धुणं संपेपर्यंत थांबलो. बझर वाजला. खाटेवरचे कापगते उठले, हात पुढे केला, बादली उचलली आणि कपडे वाळत घालायला अंगणात गेले. काकू त्यांच्या पाठीकडे बघत बसून राहिल्या. त्या वेळी मला फार बरं वाटलं.

पुढे ट्रेनिंगला नवीन मुलं आली की मी एवढंच सांगायचो. गिऱ्हाइकाच्या दारात गेलात की आधी त्याची बेल वाजते का ते बघा. आणि मशीन पूर्ण थांबेपर्यंत बसा. चहा तसाही मिळतोच.