गळ्यात बांधलेली पुडी

मी वाचायला शिकले ती पत्रिकांवर. वडील सुवार्तिक होते. कराड-पाटणच्या बाजारांत सायकल झाडाला टेकवून ते शुभवर्तमानाच्या पत्रिका वाटायचे आणि उरलेल्या घरी आणायचे, गुलाबी नाहीतर पिवळ्या कागदाच्या. शाळेचं पुस्तक हातात पडायच्या आधी 'तारण' आणि 'पश्चात्ताप' हे शब्द मला वाचता येत होते. छापलेला शब्द माणसाला बदलतो याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. एकोणिसाव्या वर्षी तर नव्हतीच.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात मी सांगलीला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते. दुष्काळ दुसऱ्या वर्षात शिरला होता. जतच्या पलीकडे रस्त्याच्या कामावर माणसं खडी फोडत होती आणि तिथे हगवण पसरली होती. आमच्या इस्पितळातून एक सिस्टर आणि मी दर तीन दिवसांनी एसटीने तिकडे जायचो. सिस्टर नगरकडच्या होत्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. आमच्या पेटीत ग्लुकोज, मीठ आणि सोड्याच्या पुड्या असत. पुडी हातावर ठेवताना काय सांगायचं ते सिस्टरनी मला पाठ करायला लावलं होतं: तांब्याभर पाणी उकळून गार करायचं, सगळी पुडी त्यात घालायची, दिवसभर चमच्याचमच्याने पाजायचं. मग बाईकडून ते म्हणवून घ्यायचं.

पुड्या बांधायचं काम माझं. त्यासाठी मी घरून आणलेल्या पत्रिका वापरल्या.

"कोरा कागद घे गं," सिस्टर म्हणाल्या.

"औषध पोटात जाईल, वचन मनात जाईल," मी म्हणाले. हे वाक्य मला फार आवडलं होतं.

त्या दिवशी रांग लांब होती. टँकरचं पाणी गढूळ होतं, सावली कुठेच नव्हती, आणि कामावरच्या साहेबांच्या तंबूत मात्र ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ होता. तो पाहून माझं डोकं आधीच तापलं होतं. रांगेत एक धनगराची सून आली. कडेवर सात-आठ महिन्यांचं पोर, मागे तिचा सासरा, कपाळाला भंडारा लावलेला.

"बाई, ह्याला कालपासनं लय हगवण हाय," ती म्हणाली. "प्यालेलं दूध बी ऱ्हाईना पोटात."

म्हाताऱ्याने माझ्या हातातली गुलाबी पुडी निरखून पाहिली. वर क्रूस छापला होता.

"आमचा द्येव भंडाऱ्यात ऱ्हातो," तो म्हणाला. "तुमचा कागदात ऱ्हातो जनू."

रांगेतल्या बाया हसल्या.

"आजोबा, आमचा देव कागदात नाही, काळजात राहतो."

"मग कागूद कशापायी देतीस, पोरी?"

बाया आणखी हसल्या. मला ते लागलं. औषध देण्याआधी त्यावर हात ठेवून दोन शब्द प्रार्थना करायची आमची रीत होती. मी ती प्रार्थना लांबवली. एक हात पोराच्या डोक्यावर, एक पुडीवर, डोळे मिटलेले, आवाज म्हाताऱ्याला ऐकू जाईल असा. आंधळ्यांना दृष्टी देणाऱ्या प्रभूला मी त्या माळावर बोलावलं, रोगाला निघून जायची आज्ञा केली. डोळे उघडले तेव्हा बाया गप्प झाल्या होत्या. त्या सुनेच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पुडी तिच्या हातावर ठेवली, तिची मूठ मिटली आणि म्हणाले, "विश्वास ठेवा. बरं वाटेल."

तिने पुडी कपाळाला लावली आणि गेली. पाणी, तांब्या, चमचा, यातलं काही मी तिला सांगितलं नाही. मुकादम ओरडत होता, पुढची बाई हात पसरून उभी होती, आणि मी जिंकले होते.

तीन दिवसांनी आम्ही एसटीतून उतरलो तेव्हा ती सून वाटेतच उभी होती. पोर खांद्यावर पडलेलं होतं. डोळे खोल गेलेले, ओठांना भेगा. गळ्यात काळा दोरा आणि दोऱ्यात तांबड्या चिंधीत शिवलेली चौकोनी पुडी.

"सोडली न्हाई बाई अजिबात," ती मला म्हणाली. तिच्या आवाजात कौतुकाची वाट बघणं होतं. "भिजंल म्हनून त्याला अंगूळ बी घातली न्हाई. पानी बी लई लावलं न्हाई तोंडाला."

देवऋषी अंगाऱ्याची पुडी मंतरून देतो, ती गळ्यात बांधतात. ती सोडायची नाही, भिजू द्यायची नाही. मी दुसरं काय केलं होतं?

सिस्टरनी पोराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली, अंगातलं पाणी संपल्याची खूण. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. त्यांनी कात्रीने दोरा कापला, चिंधी उसवली आणि पुडी आमच्या बाटलीतल्या पाण्यात रिकामी केली. भिजलेला कागद मी पिशवीत टाकला.

"आवं, ते सोडू नगा," ती बाई म्हणाली. तिने सिस्टरचा हात धरला. "त्याच्यावरच हाय त्यो."

"याला शिरेतून पाणी द्यावं लागेल," सिस्टर म्हणाल्या. "सांगलीला न्यायला हवं. आत्ता."

म्हातारा आडवा आला. "इस्पितळात न्हेऊन बाटवता व्हय? आदी कागूद बांधायचा, मग मानूस न्ह्याचं." पत्रिका मीच दिली होती. शेवटी सुनेनेच त्याला बाजूला केलं. "मामंजी, सरा," एवढंच ती म्हणाली.

खडी उतरवून रिकामा परत जाणारा एक ट्रक मिळाला. आम्ही तिघी मागच्या फळीवर बसलो, पोर तिच्या मांडीवर, चमचा माझ्या हातात. ट्रक उडायचा आणि अर्धं पाणी पोराच्या गळ्यावरून ओघळायचं. पहिले काही घोट त्याने गिळले. मग तोंडात घातलेलं तोंडातच राहायला लागलं. मी प्रार्थना करत होते, मोठ्याने नाही. प्रभू, माझी लाज जाऊ दे, मला त्या म्हाताऱ्यासमोर नाक घासायला लाव, पण हे पोर राहू दे. रस्ता संपत नव्हता. दोन्ही बाजूंना वाळलेली बाभळ आणि वर पांढरं आभाळ.

कवठे महांकाळच्या अलीकडे सिस्टरनी माझ्या हातातला चमचा काढून घेतला.

पोराची आई रडली नाही. पोराच्या गळ्यावर बोट फिरवत राहिली, दोरा होता तिथे.

"तीन दिस जित्तं हुतं," ती म्हणाली. "तुमी सोडलं आन गेलं."

"तसं नाही," मी म्हणाले. "ते पाण्यात घालून पाजायचं औषध होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही. चूक माझी आहे. तुम्ही काही चुकला नाहीत."

तिने माझ्याकडे बघितलं. तिला माझं पटलं नाही. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं: दोरा होता तोवर श्वास होता. मी पुन्हा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "पुरे. आता तू तुझ्यासाठी बोलतेयस."

तिने तो कागद मागितला. मी पिशवीतून काढून दिला, ओला, शाई पसरलेला. तिने तो पोराच्या मुठीत ठेवला आणि मूठ मिटली, मी तिची मिटली होती तशी.

माझ्या चर्चमधली मंडळी अजून विचारतात, तेव्हा किती जणांपर्यंत वचन पोचलं? मी सांगते, एका लेकरापर्यंत पोचलं, आणि त्याच्याबरोबर जमिनीत गेलं. देवावर माझा राग आहे का? आहे. पण माळावर जाणं मी सोडलं नाही, कारण हगवण थांबली नव्हती. उरलेल्या उन्हाळ्यात मी पुड्या कोऱ्या कागदात बांधल्या, प्रार्थना केली नाही, आणि प्रत्येक बाईकडून तांब्या, पाणी, चमचा हे दोनदा म्हणवून घेतलं.

ती सून पुढच्या खेपेला खडी फोडताना दिसली. रांगेत आली नाही. तिच्या शेजारच्या बाईचं पोर आजारी होतं. मी पुडी घेऊन गेले तशी तिने हातातला हातोडा खाली ठेवला आणि शेजारणीला म्हणाली, "घे. पर ह्या बाईला दोरा सोडू दिऊ नगंस."