तिरप्या रेघेखालची मोकळी ओळ

हिंगोलीच्या कॉलेजात दाराशी चप्पल काढून कंप्युटरपुढं बसले तवा माझं अर्धं ध्यान खिडकीकडं. भायेर लिंबाखाली सासूबाई माझं सहा महिन्यांचं लेकरू घेऊन बसलेल्या. साखऱ्याहून निघतानाच त्यांनी बजावलेलं, ह्या बारीला पास झालीस तर झालीस, न्हाईतर कंप्युटरचं नाव काढायचं न्हाई. लग्नात शिक्षण सुटलं, त्यातलं हे एकच प्रॅक्टिकल राहिलेलं.

बेरजेचा प्रोग्राम आला. खुरपणीला बाया पाती वाटून घेतात, तशी एक मोठी बेरीज चार जागी वाटून करायची अन् शेवटी एकत्र आणायची. ते वाटून द्यायचा हुकूम लांबलचक, एका ओळीत मावत न्हाई. म्हणून ओळीच्या शेवटी तिरपी रेघ द्यायची, म्हंजे प्रोग्राम वाचून चुका दाखवणारा कंपायलर खालची ओळ तिलाच जोडून वाचतो. रेघ मी दिली व्हती. तरी चूक दाखवून राहिला, अन् तीबी खालच्या ओळीत. ती ओळ मी बोट ठेवून अक्षर अक्षर वाचली. बराबर व्हती.

भायेर लेकरू रडायला लागलं. दूध पाझरून माझा पदर वला झाला. घरी कंप्युटर न्हाई, सगळं वहीतून पाठ केलेलं, अन् वहीत आमी एक ओळ सोडून लिहितो, सरांना लाल पेनानं दुरुस्ती करता यावी म्हणून. इथंबी तसंच टाइप केलेलं. सगळं एका नजरेत दिसावं म्हणून मी मोकळ्या ओळी काढत सुटले, अन् चूक गेली.

मला उलट जास्तच भ्या वाटलं. काहून गेली, असं सरांनी इचारलं तर काय सांगू? रेघेखालची तेवढी एक मोकळी ओळ परत घातली. चूक परत आली. काढली, गेली. मागं पाहिलं तर सर उभे.

"काय बदललं तुम्ही?"

"सर, रेघेच्या लगेच खाली जी ओळ असंल तीच तो जोडतो. मी मोकळी ठेवली, त्यानं मोकळीच जोडली. हुकूम तिथंच संपला, खालचं उघडं पडलं."

सरांनी प्रोग्राम परत चालवला. बेरीज पाहिली, सही केली. मी पळतच लिंबाखाली आले. सासूबाईंनी लेकरू माझ्या वटीत टाकलं.

"दोनदा लुगडं भिजवलं माझं. सुटलीस का?"

"व्हय."

"मंग पाज त्याला. अन् चप्पल कुठाय तुझी?"